मिलर यांचे विमान आणि रचलेल्या कथा

महोदय,
अमेरिकी बँडप्रमुख ग्लेन मिलर यांच्या बेपत्ता होण्याच्या सुरस कथा ऐंशी वर्षांनंतरही थांबत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी बँड चालवणारे मिलर १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लंडमधील ट्विनवुड फार्म धावपट्टीवरून एक-इंजिनी नॉर्समन विमानाने पॅरिसला निघाले, ते पोहोचलेच नाहीत. मग कोणी त्यांना हेर ठरवले, तर कोणी पॅरिसच्या कुंटणखान्यात मारले. सोबतचे लेफ्टनंट कर्नल बेसेल आणि वैमानिक मॉर्गन कुठे गेले, हे मात्र या कथाकारांना सुचत नाही! मोहिमेवरून परतणाऱ्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांनी समुद्रात टाकून दिलेले बॉम्ब मिलर यांच्या विमानाला लागले, हा तर्क निदान ऐकण्याजोगा आहे. मला तरी खराब हवा आणि कार्ब्युरेटरमध्ये (इंधन व हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ साचून बंद पडलेले इंजिन हेच कारण अधिक पटते. बातमी जाहीर व्हायला २४ डिसेंबर उजाडला, म्हणून लष्कराने काही दडवले असा संशय घेतला जातो. पण १६ डिसेंबरलाच बेल्जियमकडच्या आर्डेन्सच्या जंगलात जर्मन सैन्याचा मोठा हल्ला सुरू झाला होता. त्या धांदलीत एका छोट्या विमानाची चौकशी तातडीने कोण करणार होते?

– एक संगीतप्रेमी वाचक, सातारा