शोकाच्या घरातले भजन

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या दिवसांत रोज रात्री आपल्या ओसरीवर भजन झाले, त्याविषयी तू फोनवर जे बोललीस ते मनात राहिले. घरातले माणूस गेलेले असताना गावाने येऊन टाळ कुटावेत आणि घरच्यांना निवांत रडूही देऊ नये, हे तुला खटकले. तुझे म्हणणे अगदीच गैर नाही; शेवटच्या गजरात आवाज टिपेला पोचला की मलाही कधी कधी नकोसे होते.

पण समाचाराला येणारी माणसेही तू पाहिलीस. ‘वय झाले होते’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ यापलीकडे कोणाला काही सुचत नाही आणि आपल्याला मात्र प्रत्येकासमोर तीच हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. भजनाला आलेला माणूस काहीच विचारत नाही. तो भिंतीशी बसतो, टाळ हातात घेतो आणि ‘जय जय राम कृष्ण हरी’ सुरू होते. एकजण चरण म्हणतो, बाकीचे धृपद उचलतात. ज्याचा गळा दाटून येतो तो गप्प राहतो, तरी अभंग तुटत नाही, कारण शेजारच्याने तो धरलेला असतो. तुझे काका त्या दिवसांत कोणाशी धड बोलले नव्हते. एका रात्री धृपद म्हणता म्हणताच त्यांना रडू कोसळले. कोणी वळून पाहिले नाही, पखवाजही थांबला नाही, आणि पुढच्या अभंगाला ते पुन्हा म्हणू लागले. वरच्या खोलीत एकटे बसून त्यांना हे साधले असते, असे मला वाटत नाही.

ज्या तुकोबांचे अभंग आपण म्हणतो, त्यांनी १६३० च्या दुष्काळात आपली बायको अन्नावाचून गेलेली पाहिली होती आणि ते अभंगात उघड सांगितलेही. वारीतली एक रीत तर मला फार शहाणपणाची वाटते. माउलींच्या पालखीच्या मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवतच राहते, चोपदार तिच्यापाशी जाऊन ते ऐकून घेतो आणि मगच ती थांबते. ज्याला दुखते आहे त्याने गप्प बसावे, अशी तिथे अपेक्षाच नाही.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्या मंडळाने मोबाइलवर हरिपाठ म्हणून पाहिला, पण आवाज मागेपुढे पोचत असल्याने टाळ जुळेना. शेवटी एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी साथ करायची, असे ठरले. त्या काळात गावात जी माणसे गेली, त्यांच्या दारी भजन झाले नाही. त्यांची मुले आजही ते बोलून दाखवतात. तेराव्याला पंगत बसली नाही, हा विषय मात्र कोणी फारसा काढत नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री पुन्हा भजन ठेवले आहे. तुला वर बसायचे असेल तर खुशाल बस, कोणी नावे ठेवणार नाही. खाली आलीस तर काकांच्या शेजारी जागा ठेवतो. हरिपाठ तुला पाठ आहेच. रजेचे लवकर कळव, म्हणजे गाडीचे आरक्षण करता येईल.

तुझे
बाबा