‘दोन जिवांचं खा’, पण कोणी?

संपादक महोदय,

गरोदर बाईला ‘दोन जिवांचं खा’ असे सरसकट सांगतात; पण गरोदरपणात वजन किती वाढावे, हे गरोदरपणाआधीच्या बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ठरते. तो १८.५ च्या खाली असेल तर १२.५ ते १८ किलो; ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो पुरेत. आईची साखर वाढली की जादा ग्लुकोज वारेतून बाळाकडे जाते, त्याचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवते आणि चरबी साठते. अशा मुलांना पुढे लठ्ठपणा, मधुमेहाचा धोका अधिक.

मात्र बारीक आईनेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांच्या अभ्यासात ग्रामीण भागातल्या बारीक आयांची सुमारे २.७ किलोची बाळे दिसायला किरकोळ, पण चरबी तुलनेने जास्त असलेली आढळली. त्यामुळे नुसता वजनकाटा पुरत नाही. बी-१२ जीवनसत्त्व तपासा, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्याच भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करा; दोन तासांनी साखर १४० मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत हवी.

– एक आहारतज्ज्ञ, पुणे