बुडबुडे काढायला लावणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

दर उन्हाळ्यात पोहायला शिकणारी इतकी पोरं तुमच्या हाताखालून जातात की माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. मी कळव्याची, झूऑलॉजीवाली. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल.

आमच्या वर्गाची अंदमानला, स्वराज द्वीपला जायची टूम निघाली. प्रवाळांचा अभ्यास आणि सोबत स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याचा, ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स. त्याची अट: २०० मीटर पोहायचं आणि १० मिनिटं कशालाही न धरता तरंगायचं. मी खाडीकाठी वाढलेली, पण मला हातभरही पोहता येत नव्हतं. (आमच्याकडे खाडी ही लोकलच्या दारातून बघायची वस्तू.) आधी एका ठिकाणी विचारायला गेले, तर "एवढ्या मोठ्या मुलीला आता काय शिकवणार" हे ऐकून परत आले. तुम्ही एवढंच विचारलंत, "जायचं कधी आहे?"

आणि मला सरळ पहिली-दुसरीतल्या पोरांच्या रांगेत उभं केलंत. कठड्याला धरा, तोंड पाण्यात घाला, बुडबुडे काढा. शेजारचा दात पडलेला एक पोरगा माझ्याकडे बघून खिदळायचा. पाय मारायला कधी शिकवणार, असं मी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं: "आधी श्वास सोडायला शीक. घ्यायचा तो आपोआप येतो."

काका, स्कूबाचा पहिला नियम तोच निघाला. श्वास रोखून धरायचा नाही, कधीच नाही. १० मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलं, तर ती फुगून दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून टाकीतली हवा देणारा तोंडातला रेग्युलेटर निसटला तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. मास्कमध्ये पाणी शिरलं, तर नाकाने श्वास सोडून ते बाहेर ढकलायचं. हा सराव करताना आमच्यातली पट्टीची पोहणारी मुलंसुद्धा बिचकली. माझं नाक मात्र न सांगता कामाला लागलं.

खरी कसोटी मोजणीच्या वेळी होती. समुद्राच्या तळावर ५० मीटरची टेप अंथरायची आणि दर अर्ध्या मीटरला तिच्याखाली काय आहे ते पाटीवर पेन्सिलने लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शेवाळ, वाळू. हे सगळं कुठेही न टेकता. फांद्याफांद्यांचं प्रवाळ पायातल्या फिनच्या (पोहायच्या वल्ह्यासारख्या पट्टीच्या) एका फटक्याने मोडतं. गोल दगडासारखं दिसणारं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, म्हणजे माझ्या गुडघ्याएवढा गोळा माझ्या आईच्या वयाचा. पाय मारले की वाळू उडते आणि त्यांच्यावरच जाऊन बसते. मग जागच्या जागी राहायचं ते फक्त श्वासावर. थोडा जास्त घेतला की क्षणभराने अंग वर उचललं जातं, सोडला की खाली येतं. तुम्ही आम्हाला हात बांधून तरंगत ठेवायचात ना, तेच, फक्त पालथं.

असं अधांतरी राहता आलं म्हणून काय काय बघायला मिळालं! समुद्रफुलात (सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) क्लाउनफिश माशांचं कुटुंब होतं. त्यातली सगळ्यांत मोठी ती मादी. ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. त्यांच्यातला अंगठ्याएवढा एक माझ्या मास्कच्या काचेवर धडका देत होता, माझ्या घरापाशी काय करतेस म्हणून. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याची करकर पाण्यात स्पष्ट ऐकू येते, पण आपण श्वास आत घेत असतो तेवढ्यापुरतीच; सोडताना आपल्याच बुडबुड्यांचा गोंगाट. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानची बरीच प्रवाळं पांढरी पडून मेली. आमच्या पाटीवरही "मेलेलं" पुष्कळ वेळा लिहावं लागलं. मात्र त्याच मोडक्या फांद्यांवर नखाएवढी नवी प्रवाळं धरली होती. वरून पोहत जाणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

शेवटच्या बुडीनंतर १८ तास विमानात बसायचं नसतं, म्हणून एक दिवस कोरडा गेला. तो आम्ही पोर्ट ब्लेअरच्या 'समुद्रिका' संग्रहालयात घालवला. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्याला आम्ही जुनंच सांगत होतो.

बॅच सुटल्यावर घड्याळ हातात घेऊन माझी १० मिनिटं मोजत तुम्ही काठावर थांबायचात. त्या जादा वेळेचे पैसे घेतले नाहीत, आणि आईने दिलेला चकल्यांचा डबा तिथल्या तिथे पोरांत वाटून टाकलात. तेव्हा घाईत नीट आभारही मानले नव्हते. आज मनापासून मानते.

आता एक काम. खालच्या वर्गातल्या दोघी-तिघी पुढच्या सहलीसाठी तुमच्याकडे येतील. त्यांतली दिवा स्टेशनजवळ राहणारी मुलगी पाण्याला फार घाबरते आणि ते कबूल करत नाही. तिला संध्याकाळच्या बॅचला घ्या, सकाळची लोकल तिला झेपायची नाही. फॉर्म कधी मिळतात तेवढं ऑफिसातून विचारून ठेवा, मी शनिवारी येऊन घेऊन जाईन.

तुमची,
कळव्याची झूऑलॉजीवाली