मृत्यूची वेळ लिहिण्याआधीची १० मिनिटे

महोदय,

‘मृत’ रुग्णाचे हृदय पुन्हा सुरू झाले की चमत्काराची बातमी होते. हृदय सुरू करण्यासाठी दिलेला छातीदाब थांबवल्यावर असे घडल्याच्या नोंदी वैद्यकात १९८२ पासून आहेत, बहुतेक पहिल्या १० मिनिटांतल्या. मुख्य संशय अंबू बॅगवर, म्हणजे फुप्फुसात हवा ढकलणाऱ्या, हाताने दाबायच्या पिशवीवर. घाबरून ती भराभर दाबली की आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे रक्त परतत नाही. पिशवी थांबली की हवा निघते, रक्त परतते, हृदय सुरू व्हावे म्हणून शिरेत दिलेले अ‍ॅड्रिनॅलिनही तेव्हाच हृदयापर्यंत पोचते. मिनिटाला १० श्वास पुरेत! आणि प्रयत्न थांबवले तरी मॉनिटरच्या तारा लगेच काढू नका. १० मिनिटे रेघ पाहा, मानेची नाडी, हृदयाचे ठोके, डोळ्यांच्या बाहुल्या तपासा. रेघ सपाट दिसली तर आधी छातीवरची चिकटपट्टी सुटली नाही ना, ते बघा.

– एक भूलतज्ज्ञ