बेल्टला तेल कशाला पाजता?

संपादक साहेब, नमस्कार,

पावसाळ्याआधी गाडीची काळजी कशी घ्यायची हे पेपरात दरवर्षी येतं, पण सगळं चेनवाल्या गाड्यांचंच. आता रिव्होल्टची आरव्ही ४०० म्हणा, एथरच्या स्कूटर म्हणा, या इलेक्ट्रिक गाड्यांत मागच्या चाकाला चेनऐवजी दातेरी बेल्ट असतो (हार्लेवाल्यांना हे जुनंच), आणि लोक सवयीने त्यावर चेनचा स्प्रे मारतात, काही गॅरेजवालेसुद्धा! अहो बेल्टला तेल-ग्रीस काही लागत नाही, उलट धूळ चिकटते, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

खरा शत्रू खडी. आपल्या रस्त्यांवर ती किती मोकळी पडलेली असते ते सांगायला नको, एखादा खडा बेल्ट आणि पुलीच्या (बेल्ट ज्यावर फिरतो त्या दातेरी चाकाच्या) मधे गेला की बेल्टला भोकच पाडतो, म्हणून गाडी बंद करून, चावी काढून, मागचं चाक हाताने हळू फिरवत अख्खा बेल्ट बघा, दात तुटलाय का, कडेचे दोरे निघालेत का, चिरा गेल्यात का. बोटं पुलीपासून लांब ठेवा. ताण मॅन्युअलप्रमाणेच, अंदाजाने घट्ट केला तर बेअरिंग जातं, सैल राहिला तर बेल्ट पुलीच्या दातांवरून घसरतो. आणि तुटला तर चेनसारखी लिंक टाकून घरी येता येत नाही, गाडी टेम्पोतच घालावी लागते.

एक वाचक, पुणे