नकार द्या, पण लेखी द्या

संपादक महोदय,

आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर अभ्यासिका होणार नाही, हे आता नक्की झालं आहे. तरीही हे पत्र तक्रारीचं नाही. नागपूरच्या मानेवाडा भागात एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी घरोघरी आहेत. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि लहान भावंडं सांभाळून अभ्यास कसा होतो, ते वेगळं सांगायला नको. म्हणून रहिवाशांनी सह्यांचं निवेदन दिलं. पुढे एक कनिष्ठ अभियंता जागा पाहून गेले आणि चक्क लेखी उत्तर आलं: प्लॉटवरून उच्चदाब वीजवाहिनी जाते, तिच्याखाली पक्कं बांधकाम करता येणार नाही, कडेच्या पट्ट्यात बाकं आणि दिवे बसवता येतील. एवढंच. पण त्या उत्तराने वस्तीतला जुना वाद मिटला. पोरांनी जवळच्या विहारातल्या हॉलची विचारणा सुरू केली, आणि म्हाताऱ्यांना बाकं मिळाली.

असं उत्तर येणं हा नियम व्हावा, एवढंच मला म्हणायचं आहे. तुंबलेली गडर (सांडपाण्याची) लाइन, बंद पथदिवा, न उचललेला कचरा यांची तक्रार मोबाइलवरून करता येते, तिला क्रमांक मिळतो. जी गोष्ट वस्तीत नाहीच ती मागायची असेल, तर मात्र निवेदन द्यायचं, देतानाचा फोटो काढायचा (तो व्हॉट्सअॅपवर लगेच फिरतो) आणि वाट पाहायची.

नागपुरात यात आणखी एक गुंता आहे. मागणी करण्याआधी जागा महापालिकेकडे आहे की नागपूर सुधार प्रन्यासाकडे (नासुप्र), हे शोधावं लागतं. सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आलं, महापालिका १९५१ साली. विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. ज्या लेआउटमध्ये लोकांनी डिमांड (नियमित करण्याचं शुल्क) भरून आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, घेतलं, तिथे त्यांना वाटतं की आता बाग, समाजभवन आपोआप येईल. नकाशावर ‘पीयू लँड’ (सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा) दिसते, पण तिचं हस्तांतरण झालं का, निधी कोणाच्या खात्यातून येणार, हे सामान्य माणसाने कुठे पाहायचं?

दाखल्यांच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी पावती, ठरलेली मुदत, अपील आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, असं सगळं दिलं. पण एखाद्या वस्तीने मिळून केलेली मागणी अशा अधिसूचित सेवेत बसत नाही. जन्मदाखल्याला मुदत आहे, अभ्यासिकेच्या अर्जाला नाही. पाच वर्षांत अभ्यासिका बांधून द्या, असा हट्ट कोणी धरत नाही. होय, नाही, किंवा अमुक कारणाने इतक्यात नाही, यापैकी काहीतरी साठ दिवसांत कळावं.

झोनचे अधिकारी म्हणतील, एवढी माणसं कुठून आणायची? म्हणणं अगदीच खोटं नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि झोन दहा. म्हणजे एकेका झोनमध्ये सरासरी दोन वर्धा शहरं मावतात! वर्ध्याला स्वतःची नगरपरिषद आहे. आपल्याकडे तेवढा भार एका सहायक आयुक्तावर. नेमक्या याचसाठी राज्याच्या महानगरपालिका कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद आली. मतदारांनी एकत्र बसायचं, नगरसेवकाने अध्यक्ष व्हायचं आणि कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे ठरवायचं. क्षेत्रसभेत मी कधी बसले नाही, शेजारीपाजारीही कोणी बसल्याचं सांगत नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर नगरसेवकाच्या घरी जाऊन सांगायची वाटही बंद झाली. तेव्हा कळलं की आपल्या मागण्यांची नोंद एखाद्या माणसाच्या डायरीत असून भागत नाही.

त्यामुळे आयुक्तांना विनंती, अर्थसंकल्प तयार होण्याआधी प्रत्येक झोनने आलेल्या सामूहिक मागण्यांची यादी कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी: मागणी काय, जागा कोणाची, पाहणी कोणत्या तारखेला, निर्णय काय आणि का. नासुप्रच्या जागेचा प्रश्न असेल तर अर्ज महापालिकेनेच तिकडे पाठवावा, रहिवाशाला सिव्हिल लाइन्स ते सदर अशा चकरा मारायला लावू नये. यासाठी नवीन अॅप नको, सल्लागारही नको. आवक-जावक रजिस्टरात दोन रकाने वाढवले तरी पुरे. दहाही झोनमध्ये एकदम जमत नसेल, तर यंदा एकाच झोनपासून सुरुवात करावी.

— एक वाचक, मानेवाडा रोड, नागपूर