सेक्रेटरी झालास, आता हे कर

प्रिय बंड्या,

सेक्रेटरी झालास हे वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारलंयस की पुन्हा कोविडसारखं काही आलं तर सोसायटीने काय काय घेऊन ठेवायचं, ऑक्सिजन मशीन वगैरे. घे बाबा जमलं तर, पण माझं म्हणणं असं की सामान नंतर, आधी माणसं. कुठल्या घरात कोण राहतं आणि वेळ आली की कोण कोणाला दार उघडेल हे आत्ता सगळं शांत आहे तोवरच कळून घ्यायला पाहिजे.

धारावीचंच बघ ना. १ एप्रिल २०२० ला पहिला पेशंट सापडला, जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, लाखो लोक, एकेका सार्वजनिक संडासावर शेकडो माणसं, सगळ्यांना वाटलं संपलं आता. पण पालिकेने तिथल्याच खाजगी डॉक्टरांना सोबत घेतलं, ते गल्लीगल्लीत फिरून ताप बघायला लागले, आणि घरी वेगळी खोली कुठून आणणार म्हणून शाळा-हॉलमध्ये क्वारंटाइनची सोय केली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती नाक्यावरचा डॉक्टर, कारण अनोळखी माणूस किट घालून आला की लोक ताप लपवतात रे, रोजचा डॉक्टर आला की सांगतात.

आणि हे काय आजचं नाही. १८९६ ला मुंबईत मांडवीला प्लेग निघाला तेव्हा सरकारी लोक घरात घुसून पेशंट उचलून न्यायला लागले, मग लोकांनी आजारी माणसं लपवली, हजारो जण गावाला पळाले आणि साथही त्यांच्यासोबत गेली. त्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदाच २०२० मध्ये परत लावला होता. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस इथेच मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात काढली, पण नुसती लस असून काय, ती घ्यायला माणूस पुढे यायला पाहिजे ना.

आमच्या लालबागला एक बरं आहे, वर्गणीला पोरं दरवर्षी प्रत्येक दारात जातात त्यामुळे कुठली आजी एकटी आहे, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोणाकडे बाळंतपण आहे हे मंडळाला आपोआप माहीत असतं. लॉकडाऊनमध्ये आमच्या पोरांनी त्याच माहितीवर औषधं पोचवली. तुमच्या टॉवरमध्ये ते होत नाही, म्हणून तू मुद्दाम कर. प्रत्येक मजल्यावर एक माणूस ठरव, एक साधी वही कर, एकटे राहणारे, इन्सुलिनवाले, गरोदर बायका, आणि ती वही ग्रुपवर टाकू नकोस, आजारपण ही खाजगी गोष्ट आहे. वॉचमन, घरकामाच्या बायका, मागची वस्ती यांना पण धर त्यात, त्यांना लिफ्टबंदी करून साथ थांबत नाही, उलट ते ताप सांगायचे बंद होतात आणि आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्या भागातल्या आरोग्य सेविकेला एकदा चहाला बोलव, तिला सगळं माहीत असतं आणि तिला आपण बऱ्याचदा गेटवरच उभं करतो, ह्याचं मला फार वाईट वाटतं. पोरांच्या लसी राहिल्यात का ते पण तिलाच विचार, २०२२ ला गोवंडीत गोवर पसरला त्यात लॉकडाऊनमधल्या राहून गेलेल्या डोसांचा मोठा हात होता.

पावसाळा तर आलाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोने, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाने, माणसं गेली. उंदरांचं, कुत्र्यांचं मूत पाण्यात मिसळतं आणि पायाच्या जखमेतून आत जातं. म्हणून साचलेल्या पाण्यातून कोणी चालत आला तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन गोळी विचारायची, स्वतःच्या मनाने नाही, कारण गरोदर बाईला आणि लहान पोरांना औषध वेगळं असतं. हे गेटवर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात लाव आणि खाली पालिकेचा १९१६ हेल्पलाइन नंबर.

पहिली मीटिंग रविवारी ठेव, मी येतो, आमची वही कशी आखलीय ते दाखवतो. इन्सुलिनवाल्यांत काकांचं नाव पहिल्या पानावर लिही. वहिनींना सांग जेवायला थांबणार आहे.

तुझा,
पक्या